दर गुरुवारी पोटात का दुखतं?

ताई,

मी २७ वर्षांची आहे. जिल्ह्याच्या ठिकाणी, नगरपालिकेच्या २५ मीटरच्या तलावावर तीन वर्षांपासून स्पर्धेची बॅच घेते. ८ ते १६ वयाची २२ मुलं आहेत. मी स्वतः राज्य पातळीपर्यंत पोहले, सोळाव्या वर्षी सोडलं. का सोडलं ते अजून मला नीट सांगता येत नाही.

माझी सगळ्यात चांगली मुलगी १३ वर्षांची आहे, आठवीत. गेल्या डिसेंबरात आमच्याच तलावावर जिल्हा स्पर्धेत हाती घड्याळावर तिने १०० मीटर फ्रीस्टाइल १:०७.४ मध्ये काढली. यंदा मे महिन्यात बालेवाडीच्या ५० मीटरच्या तलावात, टचपॅडवर, १:०९.१. दर गुरुवारी मी सगळ्यांचं टायमिंग घेते, तिथेही तिचं घड्याळ हलत नाही. वर्षभरात ती ७ सेंटिमीटर उंच झाली, तरी वेग नाही. आम्ही आठवड्यातून सहा सकाळी येतो, रोज ३००० मीटर होतात. तिच्या बाबांना आता पाच संध्याकाळीही सराव हवा आहे, नाहीतर पुण्याला नेतो म्हणतात. आणखी तीन घरं त्यांच्याच मागे आहेत. क्लबचे सचिव फक्त पदकं विचारतात.

गेल्या महिन्यात पोटात दुखतं म्हणून ती ५, १२ आणि १९ तारखेला आलीच नाही. परवा कपडे बदलायच्या खोलीत आम्ही दोघीच होतो, तेव्हा म्हणाली, "मॅडम, मला पूर्वी पाण्यात बरं वाटायचं." मला काही बोलता आलं नाही. अंतर वाढवू का? बाबांना काय सांगू?

एक प्रशिक्षक

*

तुझं पत्र वाचता वाचता मी उठले आणि भिंतीवरचं कालनिर्णय पाहिलं. ५, १२ आणि १९ तारीख. तिन्ही गुरुवार. आणि टायमिंग तू गुरुवारी घेतेस, हे तूच थोडं वर लिहिलं आहेस. दोन्ही गोष्टी एकाच पानावर आहेत, पण तू त्या जोडल्या नाहीस. तुला दोष देत नाही. काठावर उभं राहिलं की आपल्याला २२ डोकी दिसतात, कुणाचा दम तुटतोय ते दिसतं, वार कुठे लक्षात राहतो? तिच्या पोटाला मात्र वार बरोबर कळतो.

म्हणून तुझ्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधीच देऊन टाकते. अंतर वाढवू नकोस. एक मीटरही नाही. का ते सांगते, कारण नुसत्या "नाही"वर तुला तिच्या बाबांपुढे उभं राहता येणार नाही.

आधी ते दोन आकडे घेऊ. १:०७.४ आणि १:०९.१. बाबांच्या मते पोरगी पावणेदोन सेकंदांनी मागे गेली, आणि मला भीती वाटते की तूही मनातून तेच धरून बसली आहेस. पण २५ मीटरच्या तलावात १०० मीटरला तीन टर्न येतात, ५० मीटरच्या तलावात एकच. भिंतीला पाय लावून सुटल्यावरचे ते पहिले चार-पाच मीटर पोहण्यापेक्षा वेगाचे असतात. असे दोन टर्न कमी झाले की या वयाच्या पोरांचे दीड-दोन सेकंद सहज जातात. त्यात डिसेंबरचं घड्याळ हाती होतं. हॉर्न वाजल्यावर माणसाचं बोट दाबेपर्यंत जो क्षण जातो तो पोहणाऱ्याच्या खात्यात फुकट जमा होतो. हाती घड्याळ पाव सेकंदाच्या आसपास कमीच दाखवतं. टचपॅडवर घड्याळ आपोआप सुरू होतं आणि भिंतीवरच्या पट्टीला हात लागताच थांबतं, तिथे अशी सूट नाही. म्हणजे हे दोन आकडे एकमेकांशेजारी मांडायचेच नव्हते. मांडले तर इतकंच निघतं की मुलगी होती तिथेच आहे, कदाचित किंचित पुढे. वहीत या दोन तलावांची पानं आजच वेगळी कर. तिच्या बाबांना पहिली गोष्ट हीच दाखवायची आहे.

आता "होती तिथेच" का, हे बघू. मुलींची उंची सगळ्यात झपाट्याने वाढते ती साधारण बाराव्या वर्षाच्या आसपास, मुलांची चौदाव्याच्या. म्हणूनच अकरा-बारा वर्षांची मुलगी आपल्या बॅचमधल्या मुलांनाही मागे टाकते आणि सगळ्यांना वाटतं, घरात चॅम्पियन जन्माला आली. मग ७ सेंटिमीटर वाढतात. हात लांब होतात, पण लांब हात ओढायची ताकद अजून यायची असते. कंबर रुंदावते, पाण्यात पूर्वी आपोआप वर राहणारे पाय खाली जायला लागतात. दोन वर्षांपूर्वी जो स्ट्रोक तिच्या अंगात मुरला होता तो त्या वेळच्या शरीराचा होता. तिला आता नवं पोहणं शिकायचं आहे, आणि ते शिकत असताना ती जागच्या जागी राहिली तर मी त्याला प्रगतीच म्हणेन. वाढत्या वयात एक-दीड वर्ष घड्याळ न हललेल्या कितीतरी मुली मी पाहिल्या आहेत. त्यांतल्या ज्या पुढे गेल्या, त्या सगळ्या या काळात पाण्याला टिकून राहिल्या होत्या. बाकी त्यांच्यात सारखं असं काही नव्हतं.

तिची जन्मतारीखही बघून ठेव. आपल्याकडे वयोगट ३१ डिसेंबरचं वय धरून ठरतो. जानेवारीत जन्मलेली आणि डिसेंबरात जन्मलेली एकाच गटात उतरतात, आणि या वयात अकरा महिने म्हणजे केवढे तरी असतात. अकराव्या वर्षी पदकं घेणारं मूल पुष्कळदा नुसतं लवकर वाढलेलं असतं. याचा अर्थ तिच्यात गुण नाहीत असा नाही. अर्थ इतकाच, की तिचा खरा गुण अजून घड्याळावर दिसलेला नाही, त्यामुळे घड्याळाने तो संपलाय असंही ठरवू नये.

मग तिने मोजायचं काय? मुलांना मोजायला काहीतरी लागतंच, ते काढून घेतलं तर ती हरवतात. तिला हात मोजायला लाव. ५० मीटर पोहायचं, दोन्ही हातांचे मिळून स्ट्रोक मोजायचे, त्यात लागलेले सेकंद मिळवायचे. ४० स्ट्रोक आणि ४० सेकंद झाले तर ८०. पुढच्या वेळी वेग तोच ठेवून ३८ हातांत पोहोचली तर ७८. लांब झालेल्या हातांचा उपयोग करायला ती यातून आपोआप शिकते, कारण आकडा कमी करायचा तर दर स्ट्रोकला पाणी नीट पकडावं लागतं. ५० मीटरचे सहा रिपीट, दर १ मिनिट १५ सेकंदांनी, एवढं पुरे. हा आकडा तिचा तिच्याशीच असतो, शेजारच्या लेनशी नसतो.

दुसरं, टर्न. भिंतीच्या पाच मीटर आधीपासून भिंत सोडल्यावर पाच मीटरपर्यंत, एवढाच तुकडा घड्याळावर धर. फ्रीस्टाइलला पाण्याखाली १५ मीटरपर्यंत जायची मुभा आहे, आणि आपली बहुतेक मुलं चौथ्या मीटरला श्वासासाठी डोकं वर काढतात. इथे तिला महिन्याभरात फरक दिसेल. तिला दिसेल हे महत्त्वाचं. वर्षभरात आपलं काहीतरी सुधारलंय असं तिने पाहिलेलंच नाही.

आणि तिला फक्त १०० फ्री पोहायला लावू नकोस. १४ वर्षांपर्यंत मी कुठल्याच मुलाचा "इव्हेंट" ठरवत नाही. चारही स्ट्रोक, २०० मीटर मेडले (एकाच शर्यतीत चारही स्ट्रोक), अधूनमधून ४०० फ्री. बॅकस्ट्रोकने खांद्याला उलटी हालचाल मिळते, ब्रेस्टस्ट्रोकने पाण्याची जाण येते. आणि ज्या अंतराला तिचा जुना विक्रम नाही, तिथे ती हरूही शकत नाही. पुढच्या स्पर्धेत तिला रिलेत घाल, पहिली नको, तिसरी. मुलं रिलेत आपल्या वेळेपेक्षा चांगलं पोहतात हे तू स्वतः अनुभवलं असशील. कुणासाठी तरी पोहताना पोट दुखत नाही.

आता पोटाकडे येते. मी गुरुवारचं म्हटलं तरी शरीराकडे दुर्लक्ष नको. तू बाई आहेस, हा त्या मुलीचा मोठा फायदा आहे, तो वापर. पाळी सुरू झाली आहे का, केव्हापासून, अंगावरून फार जातं का, हे तिच्या आईशी आणि तिच्याशी सरळ बोल. आपल्याकडे मुली चार दिवस "पोटात दुखतं" सांगून घरी राहतात आणि प्रशिक्षकाला वाटतं, आळस. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत देशातल्या १५ ते १९ वयाच्या ५९ टक्के मुलींमध्ये रक्तक्षय आढळला होता. म्हणजे निम्म्याहून जास्त. त्यात रोज ३००० मीटर पोहणारी, भराभर वाढणारी, नुकतीच पाळी सुरू झालेली मुलगी असेल तर मी आधी डॉक्टरांकडे पाठवून सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) आणि फेरिटिन (अंगातला लोहाचा साठा) तपासून घेते, मग स्ट्रोकबद्दल बोलते. गोळ्या मात्र तू सुचवू नकोस, ते डॉक्टरांचं काम आहे.

ती पहाटे काय खाऊन येते ते विचार. साडेपाचच्या बॅचला येणाऱ्या मुलांच्या पोटात मला बहुतेक वेळा चहा-बिस्कीट सापडतं. आणि चहा जेवणासोबत घेतला की अन्नातलं लोह नीट अंगी लागत नाही. त्याऐवजी एक केळं नि राजगिऱ्याचा लाडू. पाण्यातून बाहेर आल्यावर अर्ध्या तासात नीट खाणं: दूध आणि पोळीचा रोल, अंडं, थालीपीठ, घरात जे होतं ते, पण शाळेच्या मधल्या सुट्टीची वाट न पाहता. डबे दोन लागतील. वजनाचा काटा मात्र तलावावर कधीच आणू नकोस. मुलींना चारचौघांत काट्यावर उभं करणारे प्रशिक्षक मी पाहिले आहेत, आणि त्या मुली पुढे कशा खायच्या तेही पाहिलं आहे.

झोपेचा हिशेब तूच कर. पावणेपाचला उठणारी आठवीतली मुलगी क्लास, गृहपाठ, जेवण आटपून साडेदहाला झोपली तर सव्वासहा तास होतात. या वयात आठ ते दहा तास लागतात. संध्याकाळचा सराव वाढवला की तो या झोपेतूनच कापला जाणार, दुसरीकडे वेळ आहेच कुठे? मी तर उलट म्हणते, सहातली एक सकाळ काढून टाक. बुधवार काढ. गुरुवारी ती नीट झोप झालेली येईल.

आणि खांदा. बाबांसमोर हे गणित कागदावर मांड. २५ मीटरला २० स्ट्रोक, म्हणजे एका खांद्याला १०. रोजचे ३००० मीटर म्हणजे १२० लांब्या, दर खांद्याला १२०० फेऱ्या. आत्ता सहा दिवसांत ७२०० होतात. अकरा सराव केले की १३,२००. हाडांची टोकं अजून वाढत असताना, पाठीचे आणि खांद्यामागचे स्नायू अजून पातळ असताना. दर आठवड्याला.

इथे मला माझ्या हातून घडलेलं सांगायचं आहे. माझ्या सुरुवातीच्या वर्षांत १४ वर्षांचा एक मुलगा २०० मीटर बटरफ्लाय पोहायचा. हुशार, कधीही नाही न म्हणणारा. राज्य स्पर्धा जवळ आली तशी मी त्याचे दोन वेळचे सराव सुरू केले. पदक मिळालं. सोळाव्या वर्षी त्याला शर्ट हँगरला लावताना हात वर नेता येईना, आणि त्याने पोहणं सोडलं. त्या वर्षाची माझी वही अजून माझ्याकडे आहे. तीत माझ्याच अक्षरात नऊ वेगवेगळ्या तारखांना लिहिलंय, "खांदा दुखतो म्हणाला". आणि दर तारखेच्या खाली त्या दिवशीचं अंतर, तेवढंच, एकदाही कमी न केलेलं. म्हणजे त्याने मला नऊ वेळा सांगितलं होतं. मी लिहूनही घेतलं होतं. तुझ्या मुलीने तुला तीन गुरुवार सांगितलं आणि चौथ्यांदा तोंडाने सांगितलं. तू माझ्यापेक्षा लवकर पत्र लिहिलंस.

तिच्या त्या वाक्याकडे येते. "मला पूर्वी पाण्यात बरं वाटायचं." तुला काही बोलता आलं नाही, त्याचं फार मनाला लावून घेऊ नकोस. ती तुला उपाय विचारत नव्हती. पण आता या आठवड्यात तिच्याशी बोल, बाबांच्या आधी. बंद खोलीत नको. पायऱ्यांवर बस, जिथे बाकीचे दिसतात पण ऐकू जात नाही. हा नियम बाई प्रशिक्षकांनाही लागू आहे आणि तो कुणावरच्या संशयासाठी नाही. मुलांनाही उघड्यावर बोलायची सवय हवी आणि आपल्यालाही. तिला विचार, पूर्वी म्हणजे केव्हा? पाण्यात नेमकं काय बरं वाटायचं? गुरुवारबद्दल तू होऊन काही सुचवू नकोस. ती बोलेल. नाही बोलली तर दुसऱ्या दिवशी तिला वीस मिनिटं हवं तसं पोहू दे, फिन्स घालून, तळाला जाऊन, काहीही. मी हे करते तेव्हा मुलं काय करतात ते बघत बसते. कुणी पाण्याखाली उलटं होऊन वर बघत राहतं. त्याच मुलाला रोज मी "भिंतीला थांबू नको" म्हणून ओरडत असते.

शेवटी तिला सांग, मी तुझ्या घरी असं असं बोलणार आहे, चालेल का? तिच्या पाठीमागे तिच्याबद्दल ठरवलं गेलंय असं तिला पुन्हा एकदा वाटता कामा नये.

बाबा. त्यांना शत्रू समजू नकोस. जो माणूस वर्षानुवर्षं पहाटे पाचला स्कूटर काढतो, थंडीत गॅलरीत बसतो, फी, पोशाख, प्रवासाचा खर्च उचलतो, त्याला पोरीचं वाईट करायचं नाहीये. त्यांच्या डोक्यात दहावीचे खेळाचे सवलतीचे गुण असतील, सरकारी नोकरीतलं खेळाडूंचं ५ टक्के आरक्षण असेल. यात लाजण्यासारखं काहीच नाही, मध्यमवर्गीय घरात असाच विचार होतो. पण या दोन्ही गोष्टींसाठी मुलगी पंधराव्या, सतराव्या वर्षी पोहत असावी लागते. तेराव्या वर्षी सोडून दिलेल्या मुलीला कोणी गुण देत नाही. हे तू त्यांना याच शब्दांत सांगितलंस तर त्यांना कळेल, कारण हा त्यांच्याच हिशेबातला मुद्दा आहे.

त्यांना तलावाच्या फाटकाशी गाठू नकोस. वेळ ठरवून बोलव, आईलाही बोलव. आईशिवाय ही बैठक घेऊच नकोस, खाणं, झोप, पाळी हे सगळं तिच्या हातात आहे. वही उघडून ठेव. आधी दोन तलावांची पानं, मग उंचीचे आकडे, मग खांद्याचं गणित. तुझं मत सगळ्यात शेवटी.

ते धिनिधी देसिंगूचं नाव घेतील. बंगळुरूची मुलगी, १४ वर्षांची असताना २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकला २०० मीटर फ्रीस्टाइल पोहली. घेऊ दे. खरं आहे ते, आणि कौतुकाचंच आहे. त्यांना विचार, बाकीच्यांची वयं काय होती? केरळच्या साजन प्रकाशने जून २०२१ मध्ये रोमला २०० मीटर बटरफ्लाय १:५६.३८ मध्ये पोहून ऑलिंपिकला थेट प्रवेश देणारा 'अ' निकष गाठला. असं करणारा तो पहिला भारतीय. तेव्हा तो २७ वर्षांचा होता, आणि मानेच्या दुखापतीतून उठून आला होता. आणि आपला कोल्हापूरचा वीरधवल खाडे बघा. सतरा पूर्ण व्हायच्या आत २००८ ला बीजिंग ऑलिंपिक. २०१० ला ग्वांगझू आशियाई स्पर्धेत ५० मीटर बटरफ्लायचं कांस्य, खजान सिंगच्या १९८६ च्या सोलमधल्या रौप्यानंतर २४ वर्षांनी भारताला जलतरणात मिळालेलं पदक. मग तहसीलदाराची नोकरी, पोहण्यात मोठा खंड. आणि २०१८ ला जकार्ताला तोच माणूस ५० मीटर फ्रीस्टाइलच्या अंतिम फेरीत चौथा, कांस्यपदक एका शतांश सेकंदाने हुकलेलं. मध्ये वर्षं गेली तरी पाणी त्याला परकं झालं नव्हतं. मला हे उदाहरण फार जवळचं वाटतं, पदकापेक्षा त्या परत येण्यामुळे. ज्याला लहानपणी पाण्याचा वीट आला तो परत येत नाही.

मग त्यांच्याकडे तीन महिने माग. तीन महिने संध्याकाळचा सराव नाही. तीन महिने गॅलरीत त्यांच्या हातात घड्याळ नाही. बसायला हरकत नाही, मुलीला ते दिसले की बरंही वाटत असेल. आणि घरी जाताना स्कूटरवर पोहण्याचा विषय नाही. हे तिसरं सगळ्यात अवघड आहे, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त परिणाम याचाच होतो. मूल मागे बसलेलं असतं, केस ओले असतात, त्याला बापाचं तोंड दिसत नाही, फक्त आवाज येतो, आणि तो आवाज विचारत असतो की आज किती आलं. त्या दहा मिनिटांची धास्ती मुलं पाण्यात असतानाच घेतात. त्याऐवजी इडली खायला थांबा म्हणावं.

त्या बदल्यात तू त्यांना काहीतरी दे. तीन महिन्यांनी ५० मीटरच्या तलावात नेऊन तिचे १०० मीटर घेईन असं सांग, आणि ते मे महिन्याच्या १:०९.१ शेजारीच लिहीन. वेळ कमी होईलच असं वचन देऊ नकोस. होईल असं मला वाटतं, पण वचन देऊ नकोस.

बाकी तीन घरांशी एकेकट्याने भांडत बसू नकोस. सगळ्या पालकांना एकाच दिवशी बोलव आणि कागदावर लिहून दे: कुठल्या वयाला आठवड्यात किती सराव, किती अंतर, टायमिंग किती दिवसांनी. माझ्याकडे दहा वर्षांखालची मुलं चार दिवस येतात, अकरा-बाराची पाच दिवस, तेरा-चौदाची पाच किंवा सहा, आणि दोन वेळ पोहणं मी सोळाच्या आत सुरू करत नाही. दुसरे प्रशिक्षक लवकर करतात, ते सगळे चूक आहेत असं मी म्हणणार नाही. पण नियम आधी लिहिलेला असला की तो कुणा एकाच्या पोरीसाठी केला असं वाटत नाही.

सचिवांसाठी तुझी तीन वर्षांपूर्वीची वही काढ. तेव्हा ११ ते १३ वयाची किती मुलं होती आणि त्यांतली आज किती पाण्यात आहेत, एवढं मोजून त्यांच्या टेबलावर ठेव. मी पैज लावत नाही, पण तो आकडा तुलाही आवडणार नाही. त्यांना पदकं हवी असतील तर ती याच मुलांकडून यायची होती.

एवढं करूनही बाबा तिला पुण्याला नेतील, असं होऊ शकतं. नेलं तर जाऊ दे. रुसू नकोस, बॅचसमोर एक शब्द वाकडा बोलू नकोस. तिच्या वहीच्या प्रती काढून दे, नव्या प्रशिक्षकाला स्वतः फोन कर आणि रक्ततपासणीचा निकाल, खांदा, झोप, सगळं सांग. आणि तिला सांग की सुट्टीत आलीस तर तुझी लेन आहे. माझ्याकडून गेलेली अशी दोन मुलं परत आली. बाकीची आली नाहीत, त्यांची मला आजही आठवण येते.

तुझ्याबद्दल थोडं. तू सोळाव्या वर्षी सोडलंस आणि कारण सांगता येत नाही, हे तू पत्राच्या पहिल्याच परिच्छेदात लिहिलंस. मी ते विचारलं नव्हतं. त्या मुलीत तुला स्वतःचं सोळावं वर्ष दिसत असेल तर तिच्या मनातलं तुला इतरांपेक्षा लवकर कळेल. फक्त तिचं दुखणं तुझंच आहे असं धरून चालू नकोस. तिला विचार. तुझं उत्तर तू तुझ्या वेळेने शोध, आणि शक्य असेल तर बॅच संपल्यावर आठवड्यातून दोनदा तूही पाण्यात उतर. किती वर्षांत पोहली नाहीस?

येत्या गुरुवारी घड्याळ कपाटात ठेव. मुलांना सांगायचंही नाही. वॉर्मअपनंतर चार-चारचे गट कर, लहान-मोठी मिसळून, आणि रिले लाव, किकबोर्ड घेऊन, उलटं पोहत, एका हाताने, तुला सुचेल तसं. टायमिंग पंधरा दिवसांतून एकदा घे, वार बदलत राहा आणि आदल्या दिवशी जाहीर करू नकोस. ती त्या गुरुवारी आली तर तिच्याकडे वेगळं लक्ष देऊ नकोस, बाकीच्यांसारखीच ओरडाआरड करू दे. नाही आली तर शुक्रवारी काही विचारू नकोस, आणि तिच्या आईला भेटायची घाई कर.

महिन्याभराने मला लिही. रक्ताचा निकाल काय आला, आणि २५ मीटरला तिचे हात किती पडतात, हे दोन्ही कळव.